वहीतली कोरी रात्र: पतंगांच्या नोंदींचा इतिहास आणि माझी एक चूक

"संशोधनासाठी नोंदी कशा घ्यायच्या?" असं कुणी विचारलं की मी हल्ली माझी २०२१ सालची वही काढून दाखवते. वही नीटनेटकी आहे. तारखा आहेत, अक्षर बरं आहे, रंगीत पेन्सिलीने काढलेली पतंगांची चित्रंसुद्धा आहेत. फक्त संशोधनासाठी तिचा जवळजवळ काही उपयोग नाही. का नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. आणि नीट कळलं ते पतंगांच्या नोंदींचा इतिहास वाचल्यावर. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायच्या विचारात असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. विषय पतंगांचा असला तरी चूक कुठल्याही विषयात होऊ शकते.

केशोरीची सांदवाडी

२०२१ च्या उन्हाळ्यात मी एम.एस्सी. संपवून घरी होते. कॉलेज बंद, लॅब बंद. घर केशोरीला, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. जवळच इटियाडोह धरण, त्यामुळे पाणी मिळेल तिथे उन्हाळी धान. बाकी चहूकडे जंगल. घरामागे आमची सांदवाडी. पुस्तकात जिला परसबाग म्हणतात ती. त्यात शेवगा, लिंबू, पपई, तगर, न्हाणीच्या पाण्यावर माजलेला धोपा, आणि कडुनिंबावर चढलेला गुळवेल.

चैत्राचे दिवस. माणसं पहाटेच मोहफुलं वेचायला निघून जायची, दुपारी गाव चिडीचूप. संध्याकाळी जरा वारा सुटला की मी सांदवाडीत दोरी बांधून आजीचं एक जुनं पांढरं लुगडं टांगायचे आणि त्यासमोर बल्ब लावायचे. आजी खाटेवरून विचारायची, "काहून जागतेस बाई रातभर? पाखरंच तं हायेत."

पाखरंच होती. काही रात्री लुगडं भरून जायचं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे मळकट रंगाचे पतंग, शेवग्याची पानं खाणाऱ्या अळ्यांचे छोटे पतंग, एकदा तर तगरीवर वाढणारा हिरवा-गुलाबी नक्षीचा मोठा रुईपतंगासारखा दिसणारा पाहुणा. इंग्रजीत त्याला ओलिअँडर हॉकमॉथ म्हणतात, हे मला नंतर कळलं. अशा रात्री मी भराभर लिहायचे. काही रात्री मात्र दहा वाजले तरी कापडावर एखादा डास आणि भिंतीवरची पाल, एवढंच. मी बल्ब बंद करून झोपायचे. वहीत काहीच लिहायचे नाही. लिहायला होतंच काय?

दोन वर्षांनी पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी ती वही मोठ्या अभिमानाने गाइडसमोर ठेवली. म्हटलं, हा माझा प्राथमिक डेटा. त्यांनी चार पानं उलटली आणि एकच विचारलं, "ज्या रात्री काही आलं नाही, त्या रात्री कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सर, त्या लिहिल्या नाहीत."

"मग तू एकूण किती रात्री बसलीस?"

मला आठवत नव्हतं. कुणालाच आठवणार नव्हतं. वही बाजूला गेली.

नाव देणाऱ्यांचा काळ

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शोधत गेले: माझ्या आधी ज्यांनी पतंग नोंदवले, त्यांनी नेमकं काय लिहून ठेवलं आणि काय सोडलं? यातून एक साधी गोष्ट लक्षात आली. माणूस जो प्रश्न मनात धरून बसतो, तेवढंच लिहितो. आणि दीडशे वर्षांनी त्याच नोंदींना आपण वेगळाच प्रश्न विचारायला जातो.

आपल्याच भागातल्या पतंगापासून सुरू करू. टसर. पूर्व विदर्भात ज्याच्या कोशाला कोसा म्हणतात, तो. त्याचं शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. यातलं 'मायलिट्टा' हे नाव १७७३ मध्ये ड्रू ड्रुरी नावाच्या माणसाने दिलं. हा लंडनचा चांदीकाम करणारा व्यावसायिक. कीटक जमवायचा भारी नाद. जहाजांवरच्या लोकांना सूचना देऊन तो जगभरातून कीटक मागवायचा. त्याचा प्रश्न एकच: हे काय आहे, आणि याला अजून नाव दिलं गेलंय का?

पुढे १८०४ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांचा टसर आणि एरंडी रेशीमकिड्यांवरचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आला. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. इथे प्रश्न बदलला होता. याचं रेशीम कसं काढतात, अळी काय खाते, किती दिवसांत कोश करते? म्हणजे जे ज्ञान पाळणाऱ्यांच्या घरात आधीपासून होतं, ते कागदावर आलं. पाळणाऱ्यांची नावं मात्र आली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

व्हरांड्यातून सुरू झालेलं शास्त्र

आता मुंबईकडे येऊ. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. त्या आठांत दोन आपले डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. आठांतलाच आणखी एक जण म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. ई.एच.ए. या आद्याक्षरांनी तो लिहायचा. १८८३ मध्येच त्याचं 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं. विषय काय, तर बंगल्यात आणि बंगल्याभोवती राहणारे उंदीर, मुंग्या, पाली, बेडूक, फुलपाखरं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला वाटतं संशोधन म्हणजे नागझिऱ्यात, ताडोब्यात जाऊन करायची गोष्ट. पण आपल्याकडच्या निसर्ग-अभ्यासाचा एक मोठा धागा घराच्या व्हरांड्यातून निघाला आहे. दिव्यावर येणाऱ्या किड्याकडे कंटाळून न बघता तो कोण, हे विचारणाऱ्या नोकरदार माणसांनी तो विणला.

पण घरगुती निरीक्षणाला ओळख पटवायचं साधन लागतं. ते साधन दिलं जॉर्ज हॅम्पसन यांनी. निलगिरीत चहाच्या मळ्यावर असताना त्यांना पतंगांचं वेड लागलं. इंग्लंडला परतल्यावर ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बसले आणि १८९२ ते १८९६ या काळात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत पतंगांवरचे चार खंड लिहिले. पंखांवरच्या शिरा कशा आहेत, मिशा कशा आहेत, यावरून ओळख कशी पटवायची, ते सगळं त्यात आहे. भारतात आज पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती मानल्या जातात. फुलपाखरं त्या मानाने दीड हजाराच्या आतच. एवढ्या पसाऱ्यात हॅम्पसनशिवाय पहिलं पाऊलही टाकता आलं नसतं. आजही पतंगांवर पीएच.डी. करणारा विद्यार्थी कधी ना कधी त्या चार खंडांपाशी येतोच.

आता त्याच खंडांना माझा प्रश्न विचारून बघा. केशोरीत चैत्रात कोणते पतंग उडतात? उत्तर नाही. आढळ म्हणून किती तरी जातींपुढे फक्त 'सगळा भारत, सिलोन, ब्रह्मदेश' अशा अर्थाचा शेरा. महिना नाही, रात्र नाही, किती रात्री शोधलं ते नाही. यात हॅम्पसनचा दोष नाही. त्यांचा प्रश्न 'हे काय आहे?' हा होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी उत्तम दिलं. 'कधी?' आणि 'किती?' हे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेच नव्हते.

पानावरची अळी

यानंतरचा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. थॉमस बेल. जन्म आयर्लंडचा, १८६३ चा. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी, आणि आयुष्याचा मोठा भाग कारवारला. तिथेच त्याला एटकेन आणि डेव्हिडसन भेटले आणि फुलपाखरं-पतंगांचा नाद लागला. निवृत्तीनंतरही तो कारवारलाच राहिला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला.

बेलने काय केलं? तो पतंग पकडून टाचणीला लावून थांबला नाही. त्याने अळ्या घरी आणून वाढवल्या. कोणती अळी कोणत्या झाडाची पानं खाते, कोश कुठे करते, किती दिवसांनी पतंग बाहेर येतो, हे लिहून ठेवलं. त्याने आणि मेजर स्कॉटने मिळून लिहिलेला हॉकमॉथ कुळाचा खंड १९३७ मध्ये आला. म्हणजे आता तिसरा प्रश्न आला: हा जगतो कशावर?

बेल वाचल्यावर मी सांदवाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तगर आहे म्हणजे तो हिरवा-गुलाबी हॉकमॉथ येणार. धोपा आहे म्हणजे धोप्याची पानं खाणारे हॉकमॉथ असणार. आणि कडुनिंबावरचा गुळवेल? त्याच्या पानांवर ज्या पतंगांच्या अळ्या वाढतात, त्यातलेच काही पुढे मोठे होऊन फळाला सोंड टोचून रस शोषतात. नागपुरी संत्र्याच्या बागायतदाराला हा पतंग चांगला माहीत असतो, कारण टोचलेलं फळ गळून पडतं. बागेत फळ आणि कुंपणावर गुळवेल, असं ते नातं आहे. दिव्यासमोर बसून हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी दिवसा पान उलटून बघावं लागतं.

मराठी नावांचाही एक मुद्दा आहे. आमच्या शेजारच्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. त्यांनी लोकांच्या तोंडची पक्ष्यांची नावं जमवली आणि त्यातून पुढे 'पक्षीकोश' झाला. पतंगांचं असं काही झालेलं नाही. आपल्या भाषेत ज्यांना नाव आहे ते बहुतेक नुकसान करणारे: घाटेअळी, खोडकिडा, लष्करी अळी. तेही नाव अळीला, पतंगाला नाही. बाकी सगळी पाखरं.

रोज रात्री तोच दिवा

आता गोष्टीचं वळण येतं. १९३३ साल. इंग्लंडमधलं रॉथॅमस्टेड हे जुनं शेती संशोधन केंद्र. तिथे सी. बी. विल्यम्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने एक प्रकाश सापळा लावला आणि तो चार वर्षं रोज रात्री चालवला. पाऊस असो, थंडी असो, पौर्णिमा असो. दिवा तोच, जागा तीच. सकाळी जे असेल ते मोजायचं. काही नसेल तर शून्य लिहायचं.

त्यात नवीन काय होतं? दिवा नवीन नव्हता, मोजणंही नवीन नव्हतं. नवीन होता तो नेम. 'आज पतंग येतील असं वाटतंय' म्हणून दिवा लावायचा नाही, आज तारीख आहे म्हणून लावायचा. त्यामुळेच विल्यम्सला १९३६ मध्ये दाखवता आलं की चांदण्या रात्री सापळ्यात कमी पतंग येतात. माझ्या वहीतून हे कधीच निघालं नसतं. मी पौर्णिमेला कंटाळून उठत होते आणि पान कोरं ठेवत होते.

विल्यम्सच्या आकड्यांचं पुढे काय झालं ते संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. त्याने ते आर. ए. फिशरला दिले. दुसरीकडे कॉर्बेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाकडे मलायातल्या फुलपाखरांचे आकडे होते. १९४३ मध्ये तिघांचा मिळून एक लेख आला. जाती किती आणि प्रत्येक जातीचे जीव किती, यात काय नातं असतं, हा त्याचा विषय. विल्यम्सच्या सापळ्यात चार वर्षांत १५,६०९ पतंग आले होते, २४० जातींचे. त्यातल्या ३५ जातींचा चार वर्षांत एकेकच पतंग मिळाला होता. विचार करा, चार वर्षं रोज रात्री दिवा लावून एकदाच दिसलेले ३५ पाहुणे! जैवविविधता मोजायला आपण आज जो फिशरचा अल्फा वापरतो, तो या लेखातून आला.

गोष्ट इथेही थांबली नाही. १९६० च्या दशकात तसेच सापळे ब्रिटनभर लावले गेले. ते चालवणारे बरेच जण हौशी लोक होते. १९६८ ते २००२ या ३५ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यावर २००६ मध्ये एक निष्कर्ष आला. तिथल्या ३३७ नेहमीच्या पतंगांपैकी दोन तृतीयांश जातींची संख्या घटत होती. दुर्मीळ नव्हे, नेहमीच्या. जे 'काय, रोजच तर दिसतात' म्हणून कुणी लिहिलं नसतं, तेच कमी झाले होते. हे कळलं, कारण कुणीतरी ३५ वर्षं तोच दिवा त्याच जागी लावून, रिकामा सापळासुद्धा लिहिला होता.

आपल्याकडे ही कल्पना अगदी परकी नाही. धानाच्या बांधीत प्रकाश सापळा लावलेला तुम्ही पाहिला असेल. खोडकिड्याचे पतंग किती येतात, यावरून फवारणी करायची की थांबायचं ते ठरवता येतं. तिथेही 'आज एकही नाही' ही माहितीच असते. तेवढीच फवारणी वाचते.

शून्याचं गणित

आता थोडं गणित, घाबरू नका. कापडावर एखादा पतंग आला नाही, याचे तीन अर्थ होऊ शकतात. तो इथे नाहीच. किंवा तो इथे आहे, पण आज उडत नाही. किंवा उडतोय, पण माझ्या बल्बकडे आला नाही.

तिसऱ्या अर्थावर अलीकडेच छान काम झालंय. २०२४ च्या जानेवारीत 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक लेख आला. वेगवान कॅमेऱ्यांनी उडणारे कीटक टिपून संशोधकांनी दाखवलं की कीटक दिव्याकडे ओढले जातात असं नाही. ते उडताना पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतात. आकाश नेहमी वर असतं, त्यामुळे निसर्गात ही सवय उपयोगाची. दिवा जवळ आला की त्यांचं वर-खालीच बिघडतं आणि ते घिरट्या घालत अडकतात. म्हणजे कापडावर जमलेला घोळका ही परिसरातल्या पतंगांची शिरगणती नव्हे. जवळून जाताना जे फसले तेवढेच ते.

मग शून्याचं करायचं काय? समजा एखादी जात सांदवाडीत नक्की आहे आणि एका रात्रीत ती कापडावर दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. मग एका रात्री न दिसण्याची शक्यता ७० टक्के. लागोपाठ पाच रात्री न दिसण्याची ०.७ चा पाचवा घात, म्हणजे साधारण १७ टक्के. दहा रात्री न दिसण्याची जेमतेम ३ टक्के. म्हणजे एका रात्रीच्या शून्यावरून काहीच सांगता येत नाही, दहा रात्रींच्या शून्यांवरून बरंच सांगता येतं. पण त्या दहा रात्री लिहिलेल्या हव्यात. २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी हाच विचार पक्क्या गणितात बसवला, आणि त्यातून ज्याला ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात ते रूढ झालं. त्याला खायला लागतात दिसलं-न दिसलं अशा नोंदी: एक, शून्य, शून्य, एक, शून्य. माझ्या वहीत नुसतेच एक होते.

गाइडच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे पोचल्यावर कळला.

टसर आणि चैत्र

आता परत आपल्या गावाकडे. हे सगळं ब्रिटनच्या पतंगांसाठी ठीक, आपलं काय अडलंय, असं कुणी विचारेल. अडलंय.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराच्या अळ्या पाळतात. शेवटच्या पिकाच्या कोशांपैकी चांगले कोश बियाण्यासाठी ठेवतात. त्यांच्या माळा करून टांगतात. आतली जीवनावस्था सगळा उन्हाळा झोपून काढते आणि पावसाच्या तोंडावर पतंग बाहेर येतो. या पतंगाला खायला तोंडच नसतं. बाहेर यायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि काही दिवसांत संपायचं. म्हणजे चैत्रात माझ्या कापडावर टसर आला नाही तर तो नाहीसा झालेला नसतो. तो कोशात असतो, आणि तो तिथेच असायला हवा.

आमच्या ओळखीचे एक काका पूर्वी टसर पाळायचे. मी दिवा लावून बसते हे ऐकून ते एकदा म्हणाले, "आता कोसे उन्हाळ्यातच फुटाले लागले. आधी असं नव्हतं." कोश अवेळी फुटणं ही टसर पाळणाऱ्यांची ओळखीची अडचण आहे आणि संशोधकही तिच्यावर लिहितात. उष्णता, दमटपणा यांचा ताळ बिघडला की काही पतंग वेळेआधीच बाहेर येतात. तेव्हा पाऊस नसतो, कोवळा पाला पुरेसा नसतो, ऊन जाळत असतं. एकेकटा बाहेर आला तर जोडीदारही मिळत नाही. पुढच्या वर्षीचं बियाणं असं वाया जातं.

काकांचं म्हणणं खरं आहे का? आमच्या भागात हे वाढलंय का? विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मी 'हो' म्हणू शकत नाही. पण 'नाही' म्हणायचाही मला अधिकार नाही. वीस वर्षांपूर्वी चैत्रात किती कोश फुटले, हे त्यांच्या घरी कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांना लिहायला कुणी सांगितलंच नाही. रॉक्सबर्गच्या काळापासून बाहेरून येणाऱ्यांनी पाळणाऱ्यांना 'कसं करता?' एवढंच विचारलं. 'तुम्ही रोज काय बघता, ते तारखेसह तुमच्यापाशीच लिहून ठेवा,' असं कुणी म्हटलं नाही. चाळीस वर्षं डोळ्यांनी केलेलं निरीक्षण आता 'आधी असं नव्हतं' एवढ्या एका वाक्यात उरलंय. आणि त्या वाक्याच्या बाजूने किंवा विरुद्ध ठेवायला माझ्याकडे २०२१ ची एक देखणी, निरुपयोगी वही होती. त्या उन्हाळ्यात किती रात्री टसर आला नाही, हे तरी मला सांगता आलं असतं. तेही मी घालवलं.

आता मी काय लिहिते

आता माझी पद्धत अगदी साधी आहे. तुम्हालाही ती घरी करता येईल, मोबाइल आणि शंभर पानी वही पुरे.

रात्री आधीच ठरलेल्या असतात. आठवड्यातले दोन वार, काहीही झालं तरी. दिवा लावल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायची. बल्ब कोणता, किती वॅटचा, ते लिहायचं, आणि हंगामाच्या मध्ये तो बदलायचा नाही. पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी आला तर पतंगांचा हिशोबच बदलतो. चंद्राची तिथी आजीच्या कॅलेंडरवर असतेच. ढग, वारा, शेजारच्या खांबावरचा दिवा चालू की बंद, मध्येच लाइट गेली तर किती वेळ, तेही लिहायचं. मग जे आले त्यांचे फोटो आणि संख्या. नाव येत नसेल तर 'अनोळखी १', 'अनोळखी २' लिहायचं, अंदाजाने नाव ठोकायचं नाही. आज पतंग ओळखायला मुंबईच्या डॉ. शुभलक्ष्मी यांच्यासारख्या अभ्यासकांची फील्ड गाइड आहेत, 'मॉथ्स ऑफ इंडिया'सारख्या वेबसाइट आहेत, आयनॅचरलिस्ट आहे. नाव सहा महिन्यांनी कळलं तरी चालतं. रात्रीची वेळ सहा महिन्यांनी आठवत नाही.

काम झालं की दिवा बंद करून कापड हलकेच झटकायचं. नाहीतर सकाळी कोतवाल आणि साळुंक्या तुमचे पाहुणे टिपून खातात.

आणि काही आलं नाही तर? तर तारीख, वेळ, दिवा, चंद्र, हवा, सगळं लिहून पुढे '०' लिहायचं. जागा रिकामी सोडायची नाही. रिकामी जागा म्हणजे 'मी बसले नव्हते', आणि शून्य म्हणजे 'मी बसले होते, कुणी आलं नाही'. एक्सेलमध्ये भरतानाही हा फरक पाळा. रिकामा सेल आणि शून्य यांची गल्लत झाली की सगळं विश्लेषण कोसळतं.

तुमचा विषय पतंग नसेल. विहिरीच्या पाण्याची पातळी असेल, ग्रामसभेची उपस्थिती असेल, बोलीतले शब्द असतील. स्वतःला एवढंच विचारा: मी शोधलं आणि सापडलं नाही, ते मी कुठे लिहिलंय? तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

टसर पाळणाऱ्या त्या काकांच्या नातवाला मी यंदा एक वही दिलीय. घरात बियाण्याच्या कोशांची एक छोटी माळ अजून असते. रोज सकाळी तिच्याकडे बघून तारीख आणि फुटलेल्या कोशांची संख्या लिहायची, एवढंच काम. वही त्यांच्याच घरी राहणार, वर नावही त्यांचंच. मागच्या आठवड्यात तो पोरगा वही घेऊन आला आणि जरा खजील होऊन म्हणाला, "ताई, रोज शून्यच येऊन रायलं."

मी वही उघडली. चैत्रातल्या एकोणीस तारखा, एकोणीस शून्यं, एकही दिवस चुकलेला नाही. २०२१ च्या माझ्या सगळ्या वहीपेक्षा त्या एका पानात जास्त डेटा होता. त्याला तसं सांगितलं, तर त्याला ते अजून पटलेलं नाही.